श्रेय बाटलीला

लग्न होऊन पुण्याहून बंगळूरच्या राजाजीनगरात आले तेव्हा मला एकच दुखणं होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. सुगंधी साबण, वासाचं पॅड, कपड्यांना मऊ करणारं सुवासिक पाणी, यातलं काहीही लागलं की खालची कातडी लाल व्हायची, आग आग व्हायची, लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. माहेरी मी साध्या पाण्यावर निभावून नेत होते.

सासरी ते जमेना. सासूबाई मूळच्या निपाणीकडच्या, स्वच्छतेचं त्यांना भलतंच वेड. घरातल्या बायकांचे आतले कपडे त्या वेगळ्या बादलीत, जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवायच्या. थोड्याच दिवसांत मला कोरमंगलाच्या ऑफिसात खुर्चीवर धड बसता येईना. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी औषधाच्या दुकानातून ‘त्या जागेसाठी’ म्हणून एक गुलाबी बाटली आणली, जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, “आमच्या घरातल्या बायका अशा खाजवत बसत नाहीत.” नवऱ्याने भात मागून घेतला.

त्या बाटलीने तर सालटंच काढलं. मी जास्त धुतलं, जास्त सोलले गेले. नवऱ्याला वाटलं, हिला कसला तरी रोग आहे. तो गुपचूप स्वतःचं रक्त तपासून आला. रिपोर्ट चांगला निघाला, तो त्याने आधी आईला दाखवला आणि मग मला. त्यानंतर तो हॉलमध्ये झोपायला लागला. स्वल्प दिवस, म्हणाला, थोडेच.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, संसर्ग नाही, रसायनं सोसत नाहीत तुला. सगळं बंद कर. फक्त साधं पाणी, तेही बाहेरूनच, सुती कपडे, बिनवासाचं पॅड, फार झोंबलं तर साधी पेट्रोलियम जेली. घरी येऊन मी हे शब्दाला शब्द सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांचं काय जातंय. नवरा म्हणाला, आई चांगल्यासाठीच करते, तू जरा सांभाळून घे. मला दोघांच्या तोंडावर ती बाटली फेकावीशी वाटली.

मग मी सरळ चोरी सुरू केली. अंगात घालायचे कपडे वेगळे, बादलीत टाकायचे वेगळे. घालायचे आंघोळीच्या वेळी साध्या पाण्यात धुवायचे, बेडरूममध्ये ओढणीखाली वाळवायचे. दुसरे नुसते चुरगळून सासूबाईंच्या हवाली करायचे. बाटलीतलं थोडं थोडं रोज मोरीत ओतायचं, म्हणजे ती वेळेवर संपलेली दिसते. हळूहळू कातडी निवली. नवरा उशी घेऊन परत आत आला. मी सरकून जागा दिली. राग होताच, पण एकटीने झोपायचाही कंटाळा आला होता.

माझं चुकलं ते इथे. मला बरं वाटलं, त्याचं श्रेय बाटलीला गेलं. सासूबाई शेजारणींपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटल्या की सुनेला वळण लावलं, तेव्हा कुठे गुण आला.

यंदा धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ नागपूरची, बडबडी. थोड्याच दिवसांत तिची बडबड थांबली. चहा उभ्यानेच घ्यायची, जिना एकेक पायरी थांबून चढायची. मला विचारावं लागलं नाही. मी तिला गच्चीवर गाठलं आणि डॉक्टरीणबाईंपासून माझ्या चोरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. हे बाहेर फुटलं तर माझी धडगत नाही, हे कळत होतं. तरी तिची ती चाल मला बघवत नव्हती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अक्का, आई म्हणाल्याच होत्या, तुम्ही मला असं सांगाल म्हणून. तुम्हाला पहिल्यापासून धुवायचा कंटाळा आहे म्हणे.”

जेवायला बसल्यावर तिने तो विषय स्वतःच काढला, सासूबाईंकडे बघत, शहाण्या मुलीसारखं. सासूबाईंनी नुसतं माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो उठला, हात धुऊन आला आणि सगळ्यांसमोर त्याने मला विचारलं, “म्हणजे इतके दिवस तू नुसत्या पाण्यानं धूत होतीस? आणि मी तुझ्याजवळ निजत होतो?”