अकराव्या मजल्यावरचा जीवखडा

दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि चालू पडायचं. लहानपणी मी एकदा म्हटलं होतं, तर आईनं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मला आपलं वाटायचं, एका शब्दाला इतकं काय घाबरायचं? मग गेल्या वर्षी मुलुंडला धाकट्या बहिणीकडे दिवसपाण्याला राहिले, आणि तेव्हापासून मी त्या चिमट्याबद्दल तक्रार करत नाही.

धाकटीला मी अजून बाय म्हणते. साठी उलटली तिची, पण माझ्यासाठी बायच. त्यांची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि दुसऱ्या मजल्यावरची माझी बाय एकदम अकराव्या मजल्यावर जाऊन बसली. आमच्या मेहुण्यांना ते घर फार आवडायचं. त्यांची एक सवय होती. बाहेरून आले की बेल वाजवायची नाही, हातातल्या किल्लीनं सेफ्टी डोअरवर दोनदा वाजवायचं, टक टक. किल्ली हातातच असायची, पण दार उघडायचं बायनं. आत आले की किल्ल्यांचा जुडगा सेफ्टी डोअरच्या आतल्या कडीला अडकवायचे. ती त्याची जागा.

गेले तेही कसे? बाय दुपारी कोथिंबीर आणायला खाली उतरली. वर आली आणि गंमत म्हणून तिनं स्वतःच्या किल्लीनं त्यांच्यासारखं केलं, टक टक. आतून काही नाही. परत केलं. मग तिनंच दार उघडलं, तर मेहुणे हॉलमधल्या खुर्चीत, मान एका बाजूला. आजार नाही, दुखणं नाही. “मी वाजवलं गं ताई, आणि ह्यांनी उघडलं नाही,” एवढंच ती पहिल्या दिवशी बोलत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच.

आता जीवखड्याचं सांगते. स्मशानात मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरतो ना, त्या मडक्याला एका दगडानं भोक पाडतात. तो दगड टाकायचा नसतो. दहा दिवस जीव त्याच्यात असतो म्हणतात. दहाव्याला घाटावर त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं, पिंड द्यायचे आणि मग पाण्यात सोडायचा. तोवर त्याला घरात आणायचं नाही. पूर्वी अंगणातल्या झाडाला बांधून ठेवत. आता अकराव्या मजल्यावर अंगण कुठून आणायचं? बायचा मुलगा, माझा भाचा, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून आला. बागेत नको म्हणाले, मुलं खेळतात. मग ड्राय बाल्कनी सुचली, वॉशिंग मशीनच्या बाजूला. ती घरात धरायची की बाहेर, हे गुरुजींनाही सांगता येईना.

“बिल्डरनं कार्पेट एरियात धरली नाही ना, मग बाहेर,” भाचा म्हणाला. त्या रडारडीतसुद्धा मला हसू आलं. कढीपत्ता वाळून गेलेली एक कुंडी होती, तिच्यात त्यानं पांढऱ्या फडक्यात बांधलेला दगड ठेवला.

मेहुणे गेले त्या जागी दिवा लावला होता, वात दक्षिणेला. मी रात्री बायच्या शेजारी, मेहुण्यांच्या बाजूला आडवी व्हायचे. तिसऱ्या दिवसापासून त्यांची उशी मला कडक लागायला लागली. म्हटलं, मानेचं दुखणं होतं त्यांना, घेतली असेल तसली मुद्दाम.

आणि त्या तिसऱ्याच दिवशी दुपारी ते झालं.

भेटायला येणाऱ्यांसाठी लाकडी दार उघडं ठेवलेलं, फक्त जाळीचं सेफ्टी डोअर ओढलेलं. जाळीतून अख्खी लॉबी दिसत होती. दोन लिफ्ट, समोरच्यांचं बंद दार, फरशीवर ऊन. माणूस नाही. आणि टक टक.

तीन दिवस मान वर न केलेल्या बायनं मान वर केली. “आले,” म्हणाली.

उठली, दार उघडलं, बाजूला सरकली, मोकळ्या लॉबीकडे बघून म्हणाली, “या.” थोडी थांबली, दार लावलं आणि परत येऊन बसली. मी नुसती जाळीकडे बघत राहिले.

आतल्या खोलीत भाचा लॅपटॉप घेऊन बसला होता. तो बाहेर आला. “मावशी, असं काय बघतेस? लिफ्ट गेली की शाफ्टमधून हवा येते. जुडगा हलतो. नवीन बिल्डिंगा अशाच असतात.”

मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण मग रोज दुपारी, चहाच्या सुमाराला टक टक व्हायचं. बाय रोज उठायची, दार उघडायची, ‘या’ म्हणायची. टीपॉयवर कपात चहा ठेवायची. मी म्हटलं, “अगं, जुडगा काढून ड्रॉवरमध्ये टाकू.” तर असं बघितलं तिनं माझ्याकडे! “हात लावायचा नाही. ताई, एकदा काहीतरी बोलले की झालं. जाताना एक शब्द नाही बोलले माझ्याशी. चाळीस वर्षांच्या संसाराचा एक शब्द मला द्यायचा राहिलाय.”

मग एक दिवस लिफ्टचं काम निघालं, सकाळपासून दोन्ही बंद. भेटायला आलेली मंडळी अकरा मजले चढून धापा टाकत ‘फार वाईट झालं हो’ म्हणत होती, ते मेहुण्यांबद्दल की जिन्याबद्दल कळेना. ती गेली, दुपार झाली. वाऱ्याची झुळूक नाही, लिफ्ट जागेवर, आणि टक टक.

मी भाच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हेडफोन परत कानाला लावला.

त्या दिवशी मी देवाचं नाव घेत दारापाशी गेले आणि जुडगा मुठीत धरला. सावलीतलं लोखंड थंड असायला हवं की नाही? ऊबदार होता. आत्ता कोणाच्या तरी हातातून सुटल्यासारखा.

दहाव्याला भाचा सकाळीच कुंडीतलं फडकं उचलून ठाण्याच्या बाजूच्या घाटावर गेला. आम्ही दोघी घरी. दिवा तेवत होता. तासाभरानं फोन आला.

“मावशी, गुरुजींनी फडकं सोडलं. आत पांढरा गोटा आहे. गुळगुळीत. हा तो दगड नाही. मी उचललेला काळा होता, चपटा.”

मी हॉलमध्ये बघितलं. मनी प्लांटच्या काचेच्या भांड्यात पांढरे गोटे होते, अगदी तसले.

“बाय, दगड कुठाय?”

ती खुर्चीजवळ जमिनीवर बसलेली. हलली नाही. “नाही देणार.”

“अगं, वेड लागलं का? तिकडे सगळे थांबलेत!”

“थांबू देत. घाटावर सोडला की संपलं. मग कधी बोलणार ते? आज नाही तर उद्या बोलतील.”

आता मी काय शिकलेली बाई नाही. लायब्ररीतल्या पोथ्या वाचून आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून जे जमलं ते. पण त्या वेळी तेच उपयोगी पडलं. मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, “बाय, आई काय सांगायची आठवतं? हे दहा दिवस म्हणजे गेलेल्या माणसाला नवीन अंग मिळतं. आधी डोकं, मग कान-डोळे, मग गळा, खांदे, असं करत करत दहाव्या दिवशी त्याला काय होतं?”

तिनं तोंड फिरवलं. पण तिला आठवलं, मला दिसलं ते.

“भूक लागते,” मी म्हटलं. “तहान लागते. आज लागणार. भात तिकडे घाटावर मांडलाय आणि तू त्यांना इथे कोंडून ठेवलंस. चाळीस वर्षांत कधी जेवल्याशिवाय बाहेर पाठवलं नाहीस, आणि आज उपाशी ठेवणार?”

तिनं खुर्चीचा हात धरला. मग उठून बेडरूममध्ये गेली. मी मागोमाग. पलंगाच्या माझ्या बाजूला गेली, म्हणजे मेहुण्यांच्या, आणि उशीच्या अभ्र्यात हात घालून काळा चपटा दगड काढला.

एवढ्या सगळ्या रात्री माझं डोकं त्याच्यावर होतं.  आणि तेवढ्यात बाहेर टक टक. चहाची वेळ नव्हती, सकाळ होती.

“आले,” म्हणत बाय दाराकडे निघाली, दगड छातीशी.

मी तिचा हात धरला. “थांब. लॉबीत कोण दिसतंय?”

“कोण नाही.”

“जुडगा कुठल्या अंगाला आहे?”

तिनं बघितलं. जुडगा कायम असायचा तिथेच, जाळीच्या आतल्या कडीला, अगदी बारीक हलत होता.

“बाहेरून येणारा माणूस आतला जुडगा कसा वाजवेल गं?” मी हे बोलले खरी, पण बोलता बोलता माझ्याच ध्यानात आलं. म्हणजे रोज दुपारी, मी हॉलमध्ये बसून मोकळी लॉबी न्याहाळायचे तेव्हा, वाजवणारं माझ्या आणि दाराच्या मध्ये उभं होतं.

बाय दगडाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “दार उघड, जाऊ दे म्हणत होते. रोज सांगत होते. आणि मी दगड उशीत दडवून आपली ‘या, या’ करत होते.”

रडली नाही. पदर खोचला, पायात चपला घातल्या. कडी काढली, सेफ्टी डोअर पूर्ण उघडलं आणि स्वतः भिंतीला चिकटून उभी राहिली, एका माणसाला वाट होईल इतकी.

“व्हा पुढं,” म्हणाली. “जेवायला उशीर होतोय.”

खरं सांगते, आमच्या दोघींच्या मधून काहीतरी गेलं. वारा म्हणा. दिव्याची ज्योत दाराकडे वाकली आणि परत सरळ झाली. मग आम्ही खाली उतरलो, रिक्षा केली. घाटापर्यंत बायनं दगड मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी. गुरुजींनी काही विचारलं नाही. पाणी घातलं, भाताचे पिंड ठेवले, आणि भाच्यानं कमरेएवढ्या पाण्यात जाऊन दगड सोडला. मागे वळून बघायचं नसतं. बायनं बघितलं नाही. मला मोह झाला होता.

त्या दुपारी आम्ही दोघी चहा घेऊन दारासमोर बसलो. लिफ्ट सारखी वर-खाली करत होती. जुडगा हलला नाही.

तेरावा झाल्यावर मी घरी निघाले. चपला घालताना जुडग्याला हात लावून बघितला. थंडगार. बाय दारात उभी होती. सवयीनं माझ्या तोंडात शब्द आलाच होता. मी ओठ मिटले, तिच्या गालावरून हात फिरवला आणि लिफ्टचं बटण दाबलं.