चंद्रभान परातेनं काढलेली झडप

गाडी दारात आली की बाकीचे मिस्त्री आधी पाना शोधतात. चंद्रभान पराते आधी हात धुतो. साबण लावून, पार कोपरापर्यंत. "ग्रीसच्या हाताले काही समजत नाही," असं तो म्हणतो, आणि नागपुरातल्या जरीपटक्याच्या टायरवाल्यांच्या ओळीत या सवयीवरून त्याची भरपूर थट्टाही होते.

हात त्याचे खरोखरच वेगळे. तांडापेठेत त्याच्या वडिलांचा माग होता. दहाव्या वर्षापासून चंद्रभान ताण्यातले तुटलेले धागे सांधायचा, आणि त्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांचा काही उपयोग नसे. कोणता धागा सैल पडलाय ते बोटांनीच ओळखावं लागे. पुढे माग थांबले. एकोणिसाव्या वर्षी तो एका उस्तादाच्या गॅरेजात लागला, तर महिन्याभरात उस्ताद सगळ्यांना सांगायला लागला, "हा पाहत नाही गा, चाचपते. आणि बरोबर सांगते." चंद्रभानला त्या वाक्याचा अभिमान आजही आहे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तो काही लपवत नाही.

गेल्या डिसेंबरात, कडाक्याची थंडी पडली होती तेव्हा, एक जुनी डिझेल गाडी त्याच्या दारात उभी राहिली. उतरली ती मिनल, जनावरांची डॉक्टर. रोज सकाळी नागपूरहून निघून नरखेड तालुक्यातल्या गावांत जायची. गाईम्हशी, शेळ्या, लसीकरण. अंगात स्वेटर, त्यावर जाकीट, कानाला मफलर.

"काका, माझी गाडी गरमच होत नाही," ती म्हणाली.

समोरच्या गॅरेजातला बाबूलाल मिस्त्री हे ऐकून खो खो हसला. "मॅडम, नागपुरात आहे ना तुम्ही? थोडं थांबा, एप्रिलमध्ये आपोआप होईल!"

चंद्रभान हसला नाही. गाडी फार तापते म्हणून आजवर हजार लोक त्याच्याकडे आले असतील. तापत नाही म्हणून आलेली ही पहिलीच.

मिनलनं सगळं सांगितलं. सकाळी निघाल्यावर वाटेतलं काटोल येईस्तोवर तापमानाचा काटा खालीच लोळत असतो. हीटर लावला तर थंड वारा. डिझेल पाण्यासारखं पिते. दोन ठिकाणी दाखवून झालं. एकानं तापमानाचा सेन्सर बदलला, दुसऱ्यानं हीटर साफ केला, आणि फरक शून्य.

"एक सांगा," चंद्रभान म्हणाला. "सिग्नलवर गाडी उभी असली की काटा थोडा चढते, आणि मोकळ्या रस्त्यावर पळवली की पुन्हा उतरते. असं होते का?"

मिनल बघतच राहिली. "हो! अगदी असंच. हे मले कोणी विचारलंच नाही."

"मग सेन्सर खोटं बोलत नव्हता. इंजिन खरंच थंड राहून राहिलं. आज गाडी इथंच ठेवून जा. उद्या सकाळी या, इंजिन पूर्ण गार असलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिनल आली तेव्हा तो हात धुवून तयार होता. त्यानं गाडी सुरू करायला सांगितली, बॉनेट उघडलं आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड पाइपवर तळवा ठेवला. डोळे मिटले. मिनिट गेलं, दोन गेली.

"या, तुम्हीबी हात लावा," तो म्हणाला.

मिनलनं लावला. "कोमट लागते."

"हेच चुकलं. आत्ता हा पाइप बर्फासारखा पाहिजे. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधी एक झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गरम होईपर्यंत ते पाण्याले बाहेर सोडतच नाही. आठ-दहा मिनिटं पाइप थंड, आणि मग झडप उघडली की एकदम चटका. तुमच्या गाडीत पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरून राहिलं. इंजिननं थोडी ऊब धरली की वाऱ्यानं नेली. गाडी पळवली की वारा जास्त, म्हणून काटा खाली."

"म्हणजे झडप उघडीच अडकली?"

"अडकली असेल, नाहीतर..." तो थांबला. "खोलून पाहू."

इंजिन गार होऊ दिलं, पाणी काढलं. तीन बोल्ट काढून झाकण उचललं, तर आत झडप नव्हतीच. नुसती रिकामी वाटी. आणि सांध्यातून पाणी गळू नये म्हणून लावलेलं, झाकणाला चिकटलेलं कागदी पॅकिंग.

चंद्रभाननं ते नखानं अलगद सोडवलं आणि उजेडात धरलं. जाड, विटकरी पुठ्ठा. बोल्टची भोकं हातोडीनं ठोकलेली नव्हती, पंचानं घेतलेली, कडा एकदम साफ. आणि एका बाजूला, कातरीखाली आलेल्या बारीक भोकाचा अर्धा चंद्र.

असा पुठ्ठा अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणत्या मिस्त्रीकडे नव्हता. साडीच्या काठाची नक्षी मागावर चढवण्यासाठी भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात. वडिलांच्या मागाचे तसले दोन गठ्ठे चंद्रभाननं घरी आणून ठेवले होते, आणि कितीतरी वर्षं त्यातूनच तो पॅकिंग कापायचा. पंचही वडिलांचाच.

"ही गाडी तुम्ही कोणाकडून घेतली?" त्यानं विचारलं.

"नरखेडच्या चंपतरावांकडून. मोसंबीचा बगीचा आहे त्यांचा. काहून?"

मग त्याला सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. चंपतरावांच्या मुलीचं लग्न कामठीला, गाडीत घरची माणसं, आणि इंजिन उकळून वाफ मारत दारात उभं. त्यानं झाकण खोललं, झडप उपटून काढली, पॅकिंग कापलं, झाकण लावलं. वीस मिनिटांत वऱ्हाड मार्गी. उस्तादानं शिकवलंच तसं होतं, आणि सगळी ओळ तेच करायची: नागपूरच्या उन्हात झडप कशाला पाहिजे, काढून फेका.

मिनल त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "कोणी काढली असेल काका?"

'कोण जाणे' म्हटलं असतं तर तिला पटलं असतं. बाबूलालही समोरून कान देऊन होता. चंद्रभाननं ते पॅकिंग तिच्या हातात दिलं.

"मीच काढली," तो म्हणाला. "हे माह्या हातचं काम आहे."

मिनलला राग आला, आणि तिनं तो गिळला नाही. "दोन हिवाळे मी कुडकुडत गेली काका. दोन हिवाळे! हीटर नाही, काही नाही."

"हाव. माझ्यामुळं."

तिनं मफलर सोडला आणि विचारलं, "मग आता लावून होते का?"

"लावून होते. पण नुसती लावून नाही चालत. त्या दिवशी जे करायचं राहिलं, तेबी करतो."

नवी झडप त्यानं त्याच दुपारी आणली. गॅरेजच्या मागेच घर. "जिजा, एक गंज दे, पाणी उकळायचं आहे," असं बायकोला म्हणत तो स्वयंपाकघरात शिरला. जिजाबाईनं चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, वरणाचं जुनं काढून दिलं. चंद्रभाननं झडप दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली आणि दोघं गॅसपाशी उभी राहिली. पाणी तापलं, बुडबुडे यायला लागले, झडप ढिम्म. मग पाणी उकळीला येता येता त्या पितळी चकतीनं हळूहळू आपलं तोंड उघडलं.

"बाप्पा, उघडलं गा!" जिजाबाई म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून तिनं विचारलं, "बाबूलाल सांगून राहिला होता, तुम्ही त्या पोरीसमोर चूक कबूल केली म्हणून?"

"केली."

"मग असं तोंड पाडून काहून उभे आहे? चांगलं केलं. बाबूलालच्या बापानं नसतं केलं." आणि तिनं दुसऱ्या गॅसवर चहा ठेवला.

खरा रोग रेडिएटरमध्ये होता. बोअरच्या जड पाण्यानं त्याच्या नळ्या पांढऱ्या खारानं भरल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी इंजिन उकळलं ते त्यामुळे, आणि झडप काढल्यानं ते फक्त झाकलं गेलं. चंद्रभाननं रेडिएटर उतरवून दिवसभर धुतला. पंखा तपासला. बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. नवं पॅकिंग लावून झाकण बसवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच पाइप, तोच तळवा. या वेळी मिनलही हात ठेवून उभी होती. पाच मिनिटं पाइप थंडगार. आठ मिनिटं, थंडच. नवव्या मिनिटाला दोघांनी एकदमच हात झटकले आणि मिनल मोठ्यानं हसली. हीटरमधून गरम वारा आला तेव्हा तिनं दोन्ही हात त्यापुढे धरले, चुलीपुढे धरावे तसे.

त्याच आठवड्यात चंद्रभाननं दारावर खडूनं लिहिलं: 'ज्यांच्या गाडीची थर्मोस्टॅट झडप मी काढली आहे, त्यांनी यावं. झडप तुम्ही आणा, हात माझे.'

ओळीत खळबळ माजली. "असं दारावर लिहितात का आपली चूक?" बाबूलाल रस्ता ओलांडून आला. "आणि भाऊ, मे महिन्यात सगळ्या उकळतील. मग कुठं तोंड लपवशील?"

"मे महिन्यात इथंच राहीन. तूबी राह्य."

मार्चपर्यंत तेवीस गाड्या आल्या. प्रत्येकीचा रेडिएटर त्यानं आधी उतरवून धुतला आणि मगच झडप बसवली. दोन जणांनी खडूचं लिहिणं वाचून गिऱ्हाइकी तोडली, हेही खरं.

मे उजाडला. पारा पंचेचाळीसच्या वर गेला तशी चंद्रभानची झोप कमी झाली. शेवटी एका सकाळी त्यानं मिनलला फोन लावला, "मॅडम, आज मले सोबत न्या. काटा मी स्वतः पाहतो."

परतीचा रस्ता भर दुपारी होता. डांबर चकाकत होतं. मिनल एसी बंद करायला गेली तर तो म्हणाला, "चालू राहू द्या. आणि पळवा." नरखेड सोडलं, चढ आला, समोर मोसंबीचा ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरवर रांगत चालली. चंद्रभानची नजर काट्यावरून हलली नाही. काटा बरोबर मध्ये होता. एका रेघेनंही वर नाही, खाली नाही.

"थांबवू का कुठं?" मिनलनं विचारलं.

"चंपतरावांचा बगीचा रस्त्यावरच आहे ना? तिथं."

चंपतराव आता सत्तरीचे. त्यांनी गाडी ओळखली, मग माणूस ओळखला. चंद्रभाननं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"चुकलं म्हणता, चुकलं असेल गा," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तुम्ही नसते तर पोरगी मांडवात आणि बाप रस्त्यावर, असं झालं असतं. मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी पोहोचलो आम्ही. पोरगी आजबी तुमचं नाव काढते."

चंद्रभानला हे ठाऊक नव्हतं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"आता या डॉक्टरीणबाईची गाडी कशी आहे?"

"हात लावून पाहा," चंद्रभान म्हणाला, आणि छाती जरा पुढे काढूनच त्यानं बॉनेट उघडलं. "पण जपून. चटका बसेल."

चंपतरावांनी नुसतं वाकून पाहिलं आणि मान हलवली. मग गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या आपल्या पिकअपकडे बोट केलं. "थंडीत तेबी लवकर गरम होत नाही. काटोलच्या मिस्त्रीनं काहीतरी काढून ठेवलं म्हणे. पाहता का?"

चंद्रभाननं बाह्या सरसावल्या. "आधी साबण आणि पाणी द्या," तो म्हणाला.