ब्रेक ऑइलचा वास

आज गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलचा वास आला आणि मी सिडकोतल्या आमच्या अंगणात जाऊन पोहोचले. हे जाऊन आता वर्ष होत आलं, गाडी त्यांचीच.

तेव्हा दुसऱ्या दिवशी आईला वणीच्या गडावर न्यायचं होतं. घाट चढायचा म्हणून ह्यांनी पुढच्या चाकांचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारे चिमटे, घरीच बदलले. मग ब्रेकमधली हवा काढायला मी पेडलवर पाय ठेवून बसले, मांडीवर पुस्तक घेऊन, आणि हे चाकाशी आडवे झाले.

"दाब. धरून ठेव. हं, आता सोड, मास्तरीणबाई."

दुपार सरली, तरी पेडल स्पंजासारखं दबतच होतं. आई दारातून म्हणाली, "जावईबापू, मी आपली बसनं जाते."

मी उतरून वाकून पाहिलं. "अहो, हवा वर जाते ना? मग ती काढायचा निपल खाली कसा?"

डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता, उजवा डावीकडे! हे तेलकट हातांनी कपाळ धरून इतके हसले, की आईलाही हसू आवरेना. अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. सकाळी आई पुढच्या सीटवर बसली.

"मॅडम, दाबून धरा," आज मेकॅनिक म्हणाला. मी धरलं. त्यानं 'सोडा' म्हटल्यावरही माझा पाय थोडा वेळ तिथेच राहिला.