डंकन आजोबांच्या निशाणामागे

मंडळी, आज मित्रांबरोबर इथे स्थायिक झालेल्या स्कॉटिश लोकांच्या खेळांच्या जत्रेला, हायलँड गेम्सला, जाऊन आलो. आपण मल्लखांबावर चढतो. हे स्कॉटिश लोक चुणीदार किल्ट नेसून अख्खा खांबच फेकतात. बॅगपाइपला कर्णमधुर म्हणायला धाडस लागतं, पण तो काळजात शिरतो खरा.

मैदानात प्रत्येक कुळाचा वेगळा तंबू होता. एका तंबूत डंकन नावाचे आजोबा एकटेच बसले होते. कुळांची मिरवणूक निघायची वेळ झाली, आणि त्यांच्या निशाणामागे चालायला कुणीच नव्हतं. मुलं व्हँकूव्हरला, बिझी.

"वरातीला माणसं कमी पडली की आपण जातोच की! चला रे," म्हणत माधवने आम्हाला उठवलं.

कुळाचा पुकारा झाला की त्यांच्या मूळ गावाचं नाव ओरडायचं, अशी रीत. आजोबांनी ते आमच्याकडून घोकून घेतलं. संस्कृतची सगळी शब्दरूपं पाठ असलेला मी ऐन वेळी ते विसरलो आणि तोंडातून निघालं, "बोरगाऽऽव!"

"हे कुठलं?" आजोबांनी विचारलं.

"माझं गाव. आई गेल्यावर घर विकलं. मग जाणं झालंच नाही."

"मी तर माझं पाहिलंही नाही," ते म्हणाले. "पणजोबांनी ते सोडून हा देश गाठला. तेव्हापासून आम्ही दरवर्षी नुसती हाक मारतो."

परतताना गाडीत कुणी गाणी लावली नाहीत. माधव मध्येच खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "आमचं पिंपळवाडी."

तुम्ही तुमच्या गावाचं नाव शेवटचं मोठ्याने कधी घेतलंत? पासपोर्टवर छापलेलं धरू नका.