पऱ्हाटीचा प्रोजेक्ट रिपोर्ट

आमच्या तालुक्यात प्रोजेक्ट रिपोर्ट विकत मिळतो. झेरॉक्सच्या दुकानात जायचं, धंदा सांगायचा, नाव-पत्ता द्यायचा. दुकानदार जुन्या फाइलीतलं नाव पुसून आपलं टाकतो आणि स्पायरल बायंडिंग करून हातात देतो. शेळीपालनाचा वेगळा, डाळमिलचा वेगळा. मला तो नको होता. आमच्या घरात पहिली पदवी माझी, बी.कॉम., घाटंजी ते यवतमाळ एसटीचा पास काढून मिळवलेली. एवढं करून आपल्याच धंद्याचा कागद दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, तर कॉलेज केलं कशाला? दुकानदाराला मी हे तोंडावर सांगितलं.

"लिहा ना ताई," तो म्हणाला. "पण साहेब लोक पानं मोजते, वाचत नाई."

धंदा साधा होता. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटचा कापूस वेचून झाला, की आमच्याकडे वावरावावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उभी राहते. ती उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टाकतात आणि बरीचशी पेटवून देतात. हीच पऱ्हाटी बारीक करून दाबली की मनगटाएवढ्या जाड कांड्या होतात. त्याला पांढरा कोळसा म्हणतात, बॉयलरवाले तो घेतात. राजूरकडचे लोक कोळसा जमिनीखालून काढतात, आपण वरून काढू, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची. सोबतीला थ्रेशर दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. वयानं माझ्या बापाएवढे. सारं गाव त्यांना चाचा म्हणतं. मशीन त्यांनी बघायची, कागद मी.

बँकेच्या साहेबांनी सांगितलं होतं, फाइल सोमवारी द्या, शुक्रवारी कर्जाची यादी वर जाते. त्या यादीत नाव नाही लागलं तर पुढची यादी निघेपर्यंत पऱ्हाटी जळून गेलेली असणार. पऱ्हाटी वर्षातून एकदाच येते. म्हणजे अख्खं वर्ष गेलं.

मी बारा शेतकऱ्यांकडे गेले. त्यांच्याकडून लिहून घेतलं, की आमच्या शेतातली पऱ्हाटी विनामोबदला न्यायला हरकत नाही. एकानेही आढेवेढे घेतले नाहीत. "ने ना बाई," एक जण म्हणाला, "मले वावर मोकळं पाह्यजे. वरून चहा पाजतो." कच्चा माल या रकान्यात मी शून्य लिहिलं. त्या शून्याचा मला फार अभिमान वाटला. ज्या धंद्यात माल फुकट, तिथे तोटा येणार कुठून?

शुक्रवारी संध्याकाळी मी रिपोर्ट मायला वाचून दाखवला. माझी माय शेतमजुरी करते. ती मेथी निवडत ऐकत होती. त्या शून्यापाशी तिचा हात थांबला.

"पऱ्हाटी कोनं देल्ली म्हनतं?"

"शेतकऱ्यायनं. सह्या हाये सगळ्यायच्या."

"त्यायची कुठची व पऱ्हाटी? उपटतो आम्ही. मजुरी कमी घेतो अन् पऱ्हाटी घरी आनतो, अशी बोली असते. तुले माहीत नाई?"

"आता गॅस आहे ना घरोघरी."

"शेगडी हाये. सिलिंडर कोन भरून देते, तुह्ये कॉलेजवाले? बारावीपर्यंत कायच्या जाळावर शिजवलेलं खाल्लं तू?"

मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी माय डोक्यावर मोळी घेऊन शाळेच्या वाटेनं येताना दिसली, की मी मैत्रिणींना दुसऱ्या गल्लीनं न्यायची. ती मोळी मी तेव्हा नजरेआड केली आणि आता कागदावरूनही गाळली. शेतकऱ्यांनी मला जे दिलं होतं ते त्यांचं नव्हतंच, आणि मी त्याच्यावर सह्या घेऊन बसले होते.

शनिवारी चाचांना सांगितलं. ते मशीनखाली आडवे होते, तिथूनच बोलले.

"बेटा, दो दिन बचे. राहू दे फुकट. साहेबले काय समजते?"

"साहेबाले नाही समजणार चाचा. पण बाया धुऱ्यावर आडव्या उभ्या राहतील तेव्हा तुमची मशीन काय खाणार? माझा रिपोर्ट?"

ते बाहेर आले, हात पुसले. "कागद का काम तेरा," म्हणाले. "मेरेकू सिर्फ माल मंगता."

रविवारी मी मायसोबत वावरात गेले. वेचणीवाल्या बायांना रविवारची सुट्टी नसते. टोळीची म्होरकी नात्यानं माझी मावशी लागते. तिनं मला दुरूनच पाहिलं.

"आली व, आमची चूल उचलून न्याले!"

"मावशी, इचाराले आली."

"लिहून झाल्यावर? वा! पोरगी शिकली खरी."

बाया हसल्या. मी हसले नाही. वही उघडून धुऱ्यावर बसले आणि म्हणाले, "बोला. तुमी सांगान ते लिहितो."

त्यांना बोलण्याचा सराव माझ्यापेक्षा जास्त होता. पहिली गोष्ट, घरची मोळी आधी, आणि तीही जाड जाड काड्यांची. राहील ती मला, वजनावर. काटा मशीनच्या शेडवर नाही, वावरात. कारण वाटेत माल सुकतो आणि मग भांडण आमच्यासोबत, असं मावशी म्हणाली. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आठवडी बाजाराच्या सकाळी. हात सोलून निघतात म्हणून उपटायचे चिमटे कंपनीनं द्यायचे. कंपनी म्हणजे मी. एकीनं विचारलं, "अन् वजन करतानी काट्यावर पाय तं नाई ठेवशीन?"

"ठेवला तं मायले सांगजा."

"तिले काय सांगाचं, तीच ठेवीन!" आणि माय सगळ्यात मोठ्यानं हसली.

घरी येऊन मी सगळा रिपोर्ट पुन्हा लिहिला. शून्याच्या जागी भाव आला, चिमटे आले, वावरात न्यायचा काटा आला. नफा इतका खाली आला की पहिल्या वर्षी मला पगारच उरत नव्हता. माझ्या पगाराचा रकाना मी खोडला. दुसरं काहीच खोडलं नाही. शेतकऱ्यांचे कागद ठेवले, पण शेतात गाडी न्यायची परवानगी म्हणून. बायांचं ठरलेलं वेगळ्या पानावर, सह्या आणि अंगठ्यांसकट.

सोमवारी साहेबांनी पानं मोजली नाहीत. वाचली.

"मॅडम, असाच एक रिपोर्ट आलाय माझ्याकडे. त्यात कच्चा माल फुकट आहे. तुमचा नफा त्याच्या निम्माही नाही."

"त्यांनी शेतकऱ्याला विचारलं असेल, साहेब. मीपण आधी त्यालाच विचारलं होतं. माल उपटणारीचा असतो."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नव्हतं. बोलीनं चालत आलंय. आता शेवटच्या पानावर लिहिलंय."

त्यांनी शेवटचं पान काढलं, अंगठे पाहिले. म्हणाले, "नफा थोडा वाढवून आणा, मी पुढे पाठवतो."

"वाढवायचा तर बायांचा भाव कमी करावा लागेल. तो मी शब्द देऊन ठरवलाय. तुम्ही जागेवर येऊन पाहा, साहेब. नाही पटलं तर फाइल परत द्या."

साहेबांनी फाइल ठेवून घेतली.

ते बुधवारी फाइल घेऊन आले. बूट घालून ढेकळांतून चालत थेट मावशीपाशी गेले आणि विचारलं, "मावशी, हिला माल देणार का?"

"देऊ ना. मोळी आधी, मंग तिचा कारखाना."

"आणि उद्या हिनं भाव पाडला तर?"

मावशीनं कपाशीच्या बोंडातून हात काढला नाही. "तं तिच्या डोयासमोर पेटवून देऊ. तिले नाई देनार."

साहेब माझ्याकडे वळले. "हे रिपोर्टात आहे?"

"नाही."

"लिहा. 'धोके' हा मथळा आहे ना, त्याच्याखाली."

फाइल मांडीवर घेऊन मी धुऱ्यावर बसले आणि लिहिलं: भाव पाडल्यास पुरवठादार माल पेटवून देतील. मावशीनं मला ते वाचून दाखवायला लावलं. मग साहेबांनी पेन मागितलं, आणि 'यादीत घ्यावे' लिहून उभ्याउभ्याच खाली सही केली.