सासूबाई मागे बसल्या तेव्हा
पेट्रोल पंपावर टाकीचं झाकण उघडलं की त्या वासासरशी मला सासूबाईंबरोबर नाटे गावाला गेलेली सकाळ आठवते. नवरा नोकरीला मुंबईत आणि त्याची मोटारसायकल आमच्या मांडवीच्या घरी उभी, म्हणून मी हौसेनं ती शिकले होते, पण शहराबाहेर कधी नेली नव्हती. एका रविवारी सासूबाई हेल्मेट घालूनच दारात आल्या आणि म्हणाल्या, "चल गो, माझ्या भावाकडे नाट्याला जाऊन येऊ." भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा अंगावर आला तशा त्या मागे खुदुखुदु हसायला लागल्या, मी मात्र हँडल घट्ट आवळून धरलं होतं. पुढे एका चढणीवर, मागे भरलेला टेम्पो असताना, गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. ब्रेक घट्ट दाबून मी म्हटलं, "आई, उतरा. मला नाही जमायचं." त्या उतरल्या, टेम्पोसमोर हात आडवा करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला थांबवलाय मी. तू सावकाश घाल गिअर." मी हळूहळू क्लच सोडला, गाडी थरथरली आणि थेट वर सड्याच्या सपाट माळावर पोचली. त्या धापा टाकत चालत येईपर्यंत मी एकटीच हसत उभी होते. नाट्याला त्यांच्या भावानं विचारलं, "भाचा आलाय होय मुंबईहून?" "नाही रे," हेल्मेट काढत त्या म्हणाल्या, "ही चालवते. मी रस्ता अडवते." आता त्या पंचाहत्तरीला आल्यात, आणि रविवारी कुठे जायचं ते अजून त्याच ठरवतात.