बंद लॅपटॉपमधून गेलेले प्रश्न

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आलोय. भूतबित काही नसतं, असलंच तर नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो, असं माझं मत होतं... अजूनही जवळपास तेच आहे.

मी जिंतूरला राहतो, बाजारपेठेत, घरमालक अप्पांच्या किराणा दुकानाच्या वर. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरून. परदेशातला क्वांटम कॉम्प्युटर क्लाउडवरून भाड्याने घ्यायचा आणि त्याच्याकडून अवघड गणितं सोडवून घ्यायची. पण तो एकटा काही करत नाही. अर्धं काम माझा लॅपटॉप करतो. लॅपटॉप प्रश्न पाठवतो, तिकडून उत्तर येतं, ते बघून लॅपटॉप पुढचा प्रश्न ठरवतो... असं शेकडो वेळा. लॅपटॉप बंद पडला की सगळं ठप्प.

शुभांगी, माझी बायको, हेच काम करायची. एकाच टेबलावर, माझ्या समोर. प्रत्येक उत्तरानंतर आकडे किती बदलायचे ते आपण लॅपटॉपला आधी ठरवून द्यायचं असतं. मी मोठी उडी घ्यायचो, ती अगदी बारीक पाऊल टाकायची. "घाई कामून करायलाव? उत्तर पळून चाललंय का कुठं?" म्हणायची. मागच्या वर्षी ती गेली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता... असो. तेव्हापासून घरात दिवसभर माझ्याशी बोलणारा फक्त लॅपटॉप, तोही आकड्यांत.

उन्हाळ्यातली दुपार होती. प्रोजेक्टसाठी घेतलेल्या मशीनच्या वेळेतला तो शेवटचा दिवस. उत्तर आलं नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि मला पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं लागणार. म्हणजे आम्ही दोघं राहिलो ते घर सोडायचं. तेवढं मला नको होतं.

काम सुरू केलं आणि थोड्याच वेळात वीज गेली. शेजारी येलदरी धरणावर वीज तयार होते आणि आमच्याकडे ती जाते, हे काही नवीन नाही. पण इन्व्हर्टर आधीच मेलेला, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी. स्क्रीन काळी झाली. मग मोबाईलची रेंजही गेली. मी हात टेकले आणि खाली दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

"डीपी जळालाय म्हणं," अप्पा म्हणाले. "संध्याकाळपस्तोर काय येत न्हाई लाईट. सयपाक केला का आज? न्हाई तर आमच्याकडं जेवा."

संध्याकाळपर्यंत मी तिथेच पायरीवर बसून राहिलो.

दिवेलागणीला वीज आली. काम बंद पडल्याचा मेसेज बघायचा म्हणून लॅपटॉप उघडला, तर क्लाउडवर काम पूर्ण झालेलं. उत्तर तयार. वीज गेल्यानंतरही दुपारभर माझ्याच लॉगिनने प्रश्न जात राहिले होते — आणि सगळे बारीक पावलांचे. आधीचे माझे प्रश्न उड्या मारत गेलेले. वीज गेली तिथून पुढचा प्रत्येक प्रश्न आधीच्याला धरून, सावकाश.

प्रोग्राम फक्त माझ्या लॅपटॉपवर होता. तिचं लॉगिन कंपनीने केव्हाच बंद केलंय. कंपनीतल्या मित्राला सगळं दाखवलं. तो म्हणाला, "सर्व्हरची काहीतरी गडबड असेल." असेल. पण गडबड इतकी जपून चालते का?

प्रोजेक्ट टिकला, घरही टिकलं. त्यानंतर मी कितीदा तरी मुद्दाम काम सुरू करून लॅपटॉप मध्येच बंद केलाय आणि समोरच्या खुर्चीकडे बघत बसलोय. दर वेळी काम तिथेच अडकतं. पुढचा प्रश्न जात नाही.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. फक्त एवढंच वाटत राहतं, की त्या दुपारी मी खाली जायला नको होतं.